ऑक्सिजन निवतो, विझतो की शमतो?

प्रश्न असा आला: ‘अतिक्रांतिक (सुपरक्रिटिकल, वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेतल्या) द्रावकात उत्तेजित ऑक्सिजन आपली ऊर्जा कशी गमावतो, यावर मराठीत लिहितोय. या गमावण्याला, म्हणजे क्वेंचिंगला, निवणे म्हणू, विझणे म्हणू की शमन?’

माझं मत शमनाला. निवतो तो चहा, हळूहळू, बशीत ओतला की जरा लवकर. सिंग्लेट ऑक्सिजनकडे, म्हणजे या उत्तेजित ऑक्सिजनकडे, साध्या ऑक्सिजनपेक्षा मोलमागे 94 किलोज्यूल ऊर्जा जास्त असते, आणि शमताना त्याची ती उत्तेजित अवस्था एका टकरीतच सुटते. अधेमधे टेकायला पायरीच नाही.

‘विझणे’ तितकं वाईट नाही. हा रेणू 1270 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देतो, आणि द्रावक तो विझवतो. (चुनाही आपण विझवतोच, आणि तेव्हा तो खदखदतो!) पण तेल संपलं की दिवा आपला आपणही विझतो. शमनाला कुणीतरी शमवणारं लागतं: तहानेला पाणी, आगीला बंब. इथे सगळी गोम याच फरकात आहे. एकट्या पडलेल्या रेणूला प्रकाश देऊन मोकळं व्हायला सरासरी तासाभराहून जास्त वेळ लागतो. तोच पाण्यात तीन-चार मायक्रोसेकंदांत शमतो, जड पाण्यात साठ-पासष्ट. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं कंपन ऊर्जेचा मोठा घास घेतं; जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे त्याचाच जड भाऊ, आला की कंपन मंदावतं, घास लहान होतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये तर हायड्रोजनच नाही, त्यामुळे तिथे ऑक्सिजन बराच टिकतो.

हाच कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअस आणि 74 बारच्या वर अतिक्रांतिक होतो, धड वायू नाही, धड द्रव नाही. द्रव आणि वायू सांधून केलेला ‘द्रायू’ हा शब्द मला एरवी जरा कृत्रिम वाटायचा, इथे मात्र चपखल बसतो. दाब वाढवत न्या, मध्ये कुठे एकदम द्रव होत नाही, घनता सलग वाढते. टकरी वाढतात आणि शमन वेग घेतं. द्रावक तोच, बदलते ती फक्त दाटी. म्हणून ‘शमनाचा वेग घनतेबरोबर वाढतो’ हे वाक्य सरळ उतरतं. ‘विझण्याचा वेग’ म्हटलं की कोण विझवतंय तेच वाक्यातून गळतं.

शमवणाऱ्या पदार्थाला, म्हणजे क्वेंचरला, मात्र ‘शामक’ नको, तो शब्द औषधांच्या दुकानात केव्हाच गेला. ‘शमक’ लिहा.