सासूबाईंना चाचणीत भाग घ्यायचाय, नवरा नको म्हणतोय

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या, ग्रीन कार्डवर आमच्याकडेच असतात. त्यांना मधुमेह आहे. कोविडच्या एका नव्या लशीच्या चाचणीसाठी त्यांना विचारणा झाली आहे. त्या म्हणतात, "घेते की भाग, मला काय होतंय!" नवऱ्याचं म्हणणं, "आपण यांच्या प्रयोगातले उंदीर कशाला व्हायचं? ज्यांचा देश आहे त्यांनी व्हावं." २०२० मध्येही आईच्या नावाने असं पत्र आलं होतं, ते त्याने परस्पर टाकून दिलं. काय करावं? आणि त्या फॉर्मवर वंश कशासाठी विचारतात?

उत्तर : तुमच्या नवऱ्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवलं, पेनिसिलिन हाताशी आल्यावरसुद्धा. आज संशोधनाआधी स्वतंत्र समितीची मंजुरी लागते, सहभागी माणसाची लेखी संमती लागते, ती बरीचशी त्या प्रकरणानंतरची कमाई. तेव्हा डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी सांगत नाही.

पण "ज्यांचा देश आहे त्यांनी व्हावं" याला माझी सक्त हरकत आहे. लस घ्यायची वेळ आली तेव्हा आपण रांगेत मागे नव्हतो. मग ती कोणावर तपासली गेली, याच्याशी आपला काही संबंध नाही, हे कसं?

मॉडर्नाच्या मोठ्या चाचणीत ३०,००० हून अधिक लोक होते. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारी ऐन भरात असताना, कंपनीने भरतीचा वेग मुद्दाम कमी केला, कारण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो स्वयंसेवक कमी पडत होते. शेवटी आशियाई सहभागी साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिले. फायझरच्या चाचणीतही साधारण तेवढेच. आणि त्या 'आशियाई' चौकटीत चिनी, कोरियन, फिलिपिनो, व्हिएतनामी, पंजाबी, तमिळ आणि आपण, सगळे एकत्र. मुख्य निकालांत भारतीयांची वेगळी ओळच नाही. मधुमेह असलेल्या सत्तरीच्या मराठी बाईचं काय, हा प्रश्न त्या तक्त्याला विचारताच येत नाही.

वंश कशासाठी विचारतात, याचं उत्तर इथेच आहे. ब्रिटनमध्ये भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशा वेगळ्या चौकटी पूर्वीपासून आहेत. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या अतिदक्षता विभागांतल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश अल्पसंख्य वंशांचे होते, हे लगेच लक्षात आलं. जूनमधल्या सरकारी अहवालात तर बांगलादेशी वंशाच्या लोकांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या जवळपास दुप्पट दिसला. मोजलं म्हणून दिसलं. अमेरिकेनेही मार्च २०२४ मध्ये आपले नियम बदलले आणि 'आशियाई'च्या पोटात 'एशियन इंडियन' वगैरे तपशील विचारायचं ठरवलं. सगळीकडे लागू व्हायला वेळ लागेल. फॉर्मवर तशी चौकट असेल तर सासूबाईंना ती भरायला सांगा. 'सांगू इच्छित नाही' हाही पर्याय असतो, पण तो निवडला की आपण पुन्हा त्या तक्त्यातून गायब.

न मोजण्याचा परिणाम घरातल्याच एका वस्तूवर दाखवते. ऑक्सिमीटर. २०२१ मध्ये बोटाला चिमटा लावायचा, आकडा फॅमिली ग्रुपवर टाकायचा आणि "९५ आहे, काळजी नको" म्हणून झोपायचं, हे किती घरांत झालं! हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्तातल्या प्राणवायूचं मोजमाप करतं, आणि त्वचेला रंग देणारं मेलॅनिन त्या मोजमापात ढवळाढवळ करतं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेच्या २०१३ च्या सूचनेनुसार अशा यंत्राच्या तपासणीत गडद त्वचेची किमान दोन माणसं किंवा एकूण गटाच्या १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढी असली की पुरे होतं. दोन माणसं! डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की यंत्र "ठीक" म्हणत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. पुढच्या अभ्यासांत आशियाई रुग्णांचे आकडेही फुगलेले आढळले. आपल्यात गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंत सगळे रंग आहेत, म्हणून घरातल्या यंत्राचा एकच आकडा धरून बसू नका. आकडा खाली सरकतोय का ते बघा, नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर ऊब द्या, आणि धाप लागत असेल तर आकडा काहीही म्हणो, डॉक्टरांना गाठा.

आता दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एका जनुकाचा प्रकार शोधला, जो दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ६० टक्के लोकांत सापडतो, युरोपीय वंशाच्या १५ टक्के लोकांत. लगेच "आपले जीन्सच वेगळे, त्यांची औषधं आपल्याला लागू पडत नाहीत" असे फॉरवर्ड सुरू झाले. ते धादांत चूक. त्याच संशोधकांनी लस घ्या असंच सांगितलं होतं. शिवाय कोणाला बाहेर पडून काम करावं लागलं, घरात किती माणसं होती, कोणाला मधुमेह होता, याचाही ब्रिटनमधल्या त्या आकड्यांत मोठा वाटा आहे.

मग सासूबाईंचं काय? निर्णय त्यांचा. नवऱ्याचा नाही, तुमचाही नाही, आणि अर्थात माझाही नाही. आपल्या घरांत गाडी अडते ती नेमकी इथेच. डॉक्टर इंग्रजीत दहा मिनिटं बोलतात, मुलगा मान डोलावतो आणि वळून म्हणतो, "काही नाही गं आई, रक्त घेणार आणि इंजेक्शन देणार. इथे सही कर." मधल्या दहा मिनिटांतलं प्लासिबो (म्हणजे तुलनेसाठी काहींना दिलेलं, लस नसलेलं इंजेक्शन), दुष्परिणाम, किती वर्षं यावं लागेल, सगळं गळून पडलेलं असतं. संमतीपत्रातली माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेतच द्यावी लागते, हा तिथला नियम आहे. मराठी दुभाषी मागा. "हिंदी चालेल का?" असं विचारतील, ते चालतं की नाही हे सासूबाईंना सांगू द्या. मुलाने शेजारी बसावं जरूर, पण भाषांतर करू नये. आईने नातवंडांसमोर घाबरट दिसू नये म्हणून "हो" म्हणणं आणि मुलाने काळजीपोटी "नाही" म्हणणं, दोन्ही तिथे खपवून घेऊ नका.

विचारायचं काय? प्लासिबो मिळाला तर आधीच मंजूर असलेली लस घेता येईल का. मधुमेहाच्या औषधांचं काय. मधेच सोडता येतं का (येतं, कधीही, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये). आणि काही इजा झाली तर बिल कोण भरणार. हा शेवटचा प्रश्न लोक संकोचाने टाळतात, पण अमेरिकेत भरपाई देण्याची सरसकट कायदेशीर सक्ती नाही. संमतीपत्रात त्यावर एक परिच्छेद असतो, तो दोनदा वाचा. सहभागासाठी पैसे मिळाले तर ते करपात्र उत्पन्न धरले जातात. संमतीपत्र घरी आणा, चार दिवस ठेवा, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. "आजच सही करा" म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणा.

ज्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी येतात, त्यांनी मात्र सहसा या फंदात पडू नये. पाठपुरावा कधी कधी दोन-दोन वर्षं चालतो, ते निम्म्यातच परत जाणार, आणि प्रवासी विम्यात अशा गोष्टी बहुधा वगळलेल्या असतात.