कॅट कन्व्हर्टर गेला म्हणतात, एवढे पैसे घालायचे का? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न गाडीखालच्या एकाच डब्याबद्दल, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल (थोडक्यात कॅट) आहेत, म्हणून बाकीचे (क्लच, टायर, एसीचा वास) पुढच्या वेळी घेतो.

प्रश्न : माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९६,००० किमी झालेत. चेक लाइट लागला म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी स्कॅनर लावला, पी०४२० कोड आला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणून ५८,००० चं एस्टिमेट हातात दिलं. गाडी विकली तर तीन लाख येतील जेमतेम. खरंच बदलावा लागेल का? (चिंचवड)

लगेच हो म्हणू नका. पी०४२० चा अर्थ फक्त एवढाच की कॅटचं काम ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलंय असं इसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतंय. कशावरून वाटतं, तर कॅटच्या आधी एक ओटू (ऑक्सिजन) सेन्सर असतो आणि नंतर एक. पुढचा सतत वरखाली नाचतो, मागचा मात्र शांत हवा, कारण मधला कॅट ऑक्सिजन साठवून लागेल तसा सोडत असतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कोड पडतो. पण मागचा सेन्सरच म्हातारा झाला असेल, किंवा सायलेन्सरच्या जॉइंटमधून, गॅस्केटमधून हवा आत ओढली जात असेल तरी हाच कोड येतो, आणि या दोन्ही गोष्टी काही शे ते काही हजारांत सुटतात.

तेव्हा त्यांना सांगा, इंजिन पूर्ण गरम करून दोन्ही सेन्सरचा लाइव्ह ग्राफ दाखवा, २५०० आरपीएमला धरून. मग लीक तपासा. पिकअप पडला असेल तर पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा, तीन पीएसआयच्या वर गेला तर एक्झॉस्ट चोक आहे, आणि बहुतेक कॅटच. अर्ध्या तासाचं काम आहे हे, आणि जो ५८,००० मागतोय त्याने एवढं करायलाच पाहिजे. "कोड आलाय म्हणजे गेलाच" असं म्हणाले तर दुसरीकडे न्या.

आता समजा खरंच गेलाय. तरी माझा पहिला प्रश्न हाच असतो की का गेला? आत कॉर्डिराइटची सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर, हलणारं काहीच नाही. नीट चाललेल्या इंजिनावर हा पार्ट दीड लाख किमी आरामात काढतो. त्याच्या आधी मेला तर त्याला कोणीतरी मारलेला असतो आणि मारणारा बहुतेक वेळा बॉनेटखालीच बसलेला असतो. एक कॉइल किंवा प्लग मिसिंग मारत असेल (म्हणजे ठिणगी चुकत असेल) तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, तापमान हजार अंशाच्या वर जातं आणि जाळी वितळते. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेल्याने इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस त्या थरावर बसतो. हेडगॅस्केटमधून कूलंट जात असेल तर तेच. हे कारण न शोधता नवा बसवलात तर वर्षभरात तोच कोड परत, आणि त्या वेळी वॉरंटीवाले म्हणणार की दोष पार्टचा नाही, इंजिनचा आहे, आणि ते खरंच असेल.

एस्टिमेट फोडून मागा. पुष्कळ गाड्यांत आता कॅट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकच पीस येतो, म्हणून आकडा मोठा दिसतो, वर गॅस्केट, स्टड, कधी सेन्सर, मग लेबर. ओरिजिनल पार्ट छोट्या गाडीला साधारण ३० ते ६० हजार, सेदानला त्याच्या पुढे, आणि जर्मन गाड्यांचं तर विचारूच नका. एस्टिमेट जुनं असेल तर नवीन काढून घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, एवढ्या रकमेवर तो फरक जाणवतो.

बाजारात युनिव्हर्सल कॅट बऱ्याच कमी पैशात मिळतो, कापून वेल्डिंग करून बसवतात. मी सरसकट नाही म्हणणार नाही, पण त्यात धातू कमी घातलेला असतो आणि काही महिन्यांत लाइट परत लागायची शक्यता बरीच. तीन लाखांची गाडी आहे आणि दोन वर्षांत विकायचीच आहे असं असेल तर लेखी वॉरंटी देणारा चांगल्या मेकचा आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचा नसलेला) कॅट बघा, फक्त बिल पक्कं घ्या.

आणि एक, लाइट नुसता लागलेला असेल आणि पिकअप ठीक असेल तर गाडी रस्त्यात बंद पडणार नाही, आठवडाभर चौकशी करायला वेळ आहे. लाइट लुकलुकत असेल तर मात्र ते मिसिंग आहे, अॅक्सिलरेटर सोडा आणि हळूहळू जवळचं गॅरेज गाठा, कारण प्रत्येक मिनिटाला तुम्ही कॅट जाळताय.

प्रश्न : गॅरेजवाला म्हणतो कशाला एवढा खर्च, आतली जाळी फोडून काढतो, दीड हजारात काम, पिकअप पण वाढेल आणि अॅव्हरेज पण. करू का? (ठाणे)

नको.

कारण विचाराल तर एकेक सांगतो. कॅट चोक झालेला होता म्हणून जाळी काढल्यावर पिकअप "वाढल्यासारखा" वाटतो, तो वाढलेला नसतो, जो होता तो परत आलेला असतो. चेक लाइट जाणार नाही, मग तोच माणूस मागच्या सेन्सरला स्पेसर लावून इसीयूला फसवणार, आणि उद्या खरं काही बिघडलं तर तुम्हाला कळणार नाही. पीयूसीमध्ये बीएस४ आणि बीएस६ पेट्रोल गाडीला आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमची मर्यादा आहे, रिकाम्या डब्याने ती पाळणं अवघडच (मशीन न लावता सर्टिफिकेट देणाऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये, ते सगळ्यांना माहितीये). पीयूसी नसताना सापडलात तर २०१९ च्या सुधारित कायद्यात दंड १०,००० पर्यंत आहे. आणि तुमच्या मागे सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या नाकात काय जातं तेही बघा जरा.

वर ती फोडलेली जाळी तो फेकून देत नाही बरं का, विकतो. दीड हजार तुम्ही देता आणि माल त्याला मिळतो.

प्रश्न : मारुतीची इको आहे, सहा वर्षं जुनी, पांढरी नंबरप्लेट. रात्री सोसायटीबाहेर लावलेली, सकाळी स्टार्ट केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज, खाली बघतो तर सायलेन्सर गायब. इन्शुरन्स मिळेल का? आणि इकोच का चोरतात? (नाशिक)

मिळतो, पण आधी पोलीस स्टेशन. एफआयआरशिवाय क्लेम पुढे सरकत नाही, आणि इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी कळवा, सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत नवा सायलेन्सर बसवू नका. थर्ड पार्टीच पॉलिसी असेल तर काही मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर हिशोब असा, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या पार्टवर ४० टक्के घसारा कापतात, म्हणजे समजा पार्ट ५०,००० चा तर ३०,००० उरले, त्यातून प्रत्येक क्लेमला स्वतः भरायचे सक्तीचे १,००० वजा (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला), हातात २९,०००. झिरो डेपचं जादा कव्हर घेतलं असेल तर घसारा कापत नाहीत, पण सहा वर्षांच्या गाडीला ते सगळ्या कंपन्या देत नाहीत. शिवाय तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) शून्यावर जाणार, ५० टक्क्यांवर पोचला असाल तर क्लेम करायच्या आधी पुढच्या दोन-तीन वर्षांचा प्रीमियम मांडून बघा, कधीकधी खिशातून भरलेलं परवडतं. पिवळ्या प्लेटवाल्यांनी आपली पॉलिसी नीट वाचावी, त्यात सुट्या सामानाच्या चोरीचे शब्द वेगळे असतात.

इकोच का, तर एक म्हणजे गाडी उंच आहे, जॅकसुद्धा लागत नाही, माणूस पान्हा घेऊन सरळ खाली सरकतो. दुसरं म्हणजे सायलेन्सरबरोबर कन्व्हर्टरही हाती लागतो आणि त्यातली "माती" चोरबाजारात चांगल्या भावाने जाते. माती म्हणजे तीच जाळी कुटून केलेली भुकटी, त्यात ते तीन धातू. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २५,००० डॉलरच्या वर गेला होता, त्याच सुमारास आपल्याकडे पुणे, नाशिक, मुंबई आणि तिकडे गुजरातमध्ये इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या येत होत्या. भाव नंतर खूप उतरला, पण चोरांनी धंदा सोडला नाही.

नवा बसवल्यावर बोल्टची डोकी वेल्डिंगने टॅक करून घ्या किंवा खालून लोखंडी जाळीचा पिंजरा बनवून घ्या, कोणताही फॅब्रिकेशनवाला करतो. कन्व्हर्टरच्या अंगावर गाडीचा नंबर कोरून ठेवा. आणि कृपा करून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत "जुना ओरिजिनल आहे साहेब, अर्ध्या किमतीत" असं कोणी म्हणालं तर बिलाशिवाय घेऊ नका, तो तुमच्यासारख्याच कोणाचा तरी असू शकतो, किंवा आतून रिकामा. हातात घेऊन हलवा, खडखडला तर जाळी फुटलीये, टॉर्च मारून मधाच्या पोळ्यासारखी भोकं सरळ दिसत नसतील तर ठेवून द्या.

प्रश्न : बीएस६ डिझेल एसयूव्ही, रोज घर ते ऑफिस ६ किमी. डीपीएफचा दिवा सारखा लागतो. सर्व्हिसवाले म्हणतात अजून दोनदा असं झालं तर फिल्टर बदलावा लागेल, लाखाच्या वर जाईल. हे कॅटच का? (नवी मुंबई)

भाऊबंद आहे. डिझेलमध्ये आधी ऑक्सिडेशन कॅट आणि मग डीपीएफ, हा काजळी अडवतो आणि गाडी पळत असताना ती आतल्या आत जाळून टाकतो, त्याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. ६ किमीत, त्यातही पाम बीचचे सिग्नल धरून, तो तापतच नाही. रीजन सुरू होतं तेवढ्यात तुम्ही चावी काढता. दिवा लागला की हायवेवर काढा, ६० च्या वर, खालच्या गियरमध्ये आरपीएम दोन हजारच्या पुढे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये थांबू नका. त्यानेही गेला नाही तर सर्व्हिस सेंटरला फोर्स्ड रीजन करता येतं, ते फिल्टर बदलण्याच्या मानाने किरकोळ आहे. ऑइल लो-अॅशच टाका, पुस्तिकेत ग्रेड दिलेला असतो, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ती कायमची बसते. आणि स्पष्टच सांगतो, तुमच्या वापराला डिझेल गाडी घ्यायलाच नको होती. पुढची पेट्रोल घ्या.

प्रश्न : टॅक्सी आहे, सीएनजी, बाहेरून बसवलेलं किट. दोन वर्षांत दुसऱ्यांदा कॅट गेला. सीएनजीने कॅट खराब होतो का? (पनवेल)

सीएनजीने नाही होत, सीएनजीवर मिसिंग चालवल्याने होतो. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, प्लग घासलेला असेल, गॅप वाढलेला असेल, कॉइल कमजोर असेल तर पेट्रोलवर गाडी झकास चालते आणि गॅसवर हलकी मिसिंग मारते, जी ड्रायव्हरला सवय झाल्यावर कळतही नाही. गाडी पेट्रोलवर टाकून स्कॅनरवर मिसिंगचा काउंट बघा, मग गॅसवर टाकून बघा, फरक दिसला की चोर सापडला. प्लग पुस्तिकेपेक्षा लवकर बदला, एअर फिल्टर साफ ठेवा, आणि किटचं ट्यूनिंग लॅपटॉप लावून करणाऱ्याकडेच करा. बॅटरी उतरली की गाडी ढकलून चालू करायची सवय असेल तर तीही सोडा, तेव्हाही न जळलेलं इंधन सरळ कॅटमध्ये जातं.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात असतो. २००९ ची प्रियस, पार्किंग लॉटमधून कॅट कापून नेला. डीलर तीन हजार डॉलर म्हणतोय, ऑनलाइन तीनशेला दिसतो. भारतातून आणला तर? (सनीवेल)

आणू नका, कस्टम्सचा विषय बाजूला ठेवला तरी तो तुमच्या स्मॉग चेकमध्ये (तिकडच्या पीयूसीत) चालणार नाही. तुमच्या राज्यात कार्बची (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाची) मान्यता असलेलाच कॅट लागतो, त्यावर मान्यतेचा ईओ नंबर ठोकलेला असतो, तो नसेल तर टेलपाइपचे आकडे चांगले आले तरी नापास. तीनशेवाला बहुतेक दुसऱ्या राज्यांसाठीचा असणार. कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हर असेल तर चोरी त्यात बसते, फक्त डिडक्टिबल (आपल्या खिशातला ठरलेला हिस्सा) भरायचं. नवा बसवल्यावर खालून शील्ड लावून घ्या. प्रियसचा कॅट चोरांना आवडतो कारण हायब्रिडमध्ये इंजिन कमी वेळ चालतं आणि आतला धातू जास्त शाबूत राहतो. बाकी वाचकांपैकी ज्यांच्या गाड्या तिकडे नव्या आहेत त्यांना माहिती म्हणून, आपोआप खराब झालेल्या कॅटला ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची फेडरल वॉरंटी आहे, चोरीला नाही.

थोडक्यात उरलेले

*पेट्रोलच्या टाकीत ओतायचं कॅट क्लीनर चालतं का?* हलकी काजळी असेल तर थोडाफार फरक पडेलही, वितळलेल्या किंवा फुटलेल्या जाळीवर काही उपयोग नाही. थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका, गॅलरीत आग लागेल.

*पावसात सायलेन्सर बुडला, कॅट जातो का?* गरम जाळीवर एकदम गार पाणी आलं तर तडकू शकते. आठ-पंधरा दिवसांनी खालून खडखड ऐकू आली तर तेच.

*गाडी अडीच वर्षांची आहे, पैसे भरायचे का?* आधी वॉरंटीची पुस्तिका काढा. बऱ्याच कंपन्यांची एमिशन वॉरंटी वेगळ्या पानावर असते, ३ वर्षं किंवा ८०,००० किमी, आणि कॅट त्यात येतो. वेळच्या वेळी केलेली सर्व्हिस आणि चालू पीयूसी मागतात, म्हणून ती सर्टिफिकेटं जपून ठेवा.

*जुना कॅट सर्व्हिस सेंटरने ठेवून घेतला, बरोबर आहे का?* वॉरंटीत बदलला असेल तर तो कंपनीचा. पैसे तुम्ही भरले असतील तर तो तुमचा आहे, जॉब कार्डवर सही करतानाच "जुना पार्ट परत हवा" असं लिहून घ्या. भंगारवाला त्याला लोखंडाच्या भावात मागेल, तसा देऊ नका. दोन-तीन ठिकाणी विचारा, मॉडेल आणि कॅटवरचा कोड नंबर सांगितला की जाणकार माणूस वजनकाट्याकडे न बघता भाव सांगतो, आणि तो काही हजारांत असतो.