आधी प्रकार, मग स्टेज: लिम्फोमा नेमका कुठला हे कसं ठरतं

तुमचा प्रश्न असा आहे: भावाच्या मानेतल्या गाठीची सुईने तपासणी, म्हणजे एफएनएसी झाली. रिपोर्टमध्ये 'लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर, एक्सिजन बायोप्सी व आयएचसी करावी' असं आलं, म्हणजे गाठीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाजवीपेक्षा वाढल्यात, अख्खी गाठ काढून तपासा आणि पेशींची प्रथिनं रंगवून त्या ओळखा. डॉक्टर म्हणाले लिम्फोमा, म्हणजे या पेशींचा कॅन्सर, असू शकतो. मग एकदा सुई घालून झाल्यावर पुन्हा गाठ काढायची कशाला, लिम्फोमाचे प्रकार किती, आणि स्टेज कधी कळणार? माझ्या आईला फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे त्यातला एक सावकाश वाढणारा प्रकार, आहे. तिच्या निदानापासून मी या आजाराचं वाचन करतोय आणि इथे इतरांचे रिपोर्ट समजावून सांगायला मदत करतोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा निर्णय तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचाच, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाचाच. पण रिपोर्टात काय बघायचं आणि काय विचारायचं, ते नीट सांगतो.

स्टेजचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. घरात कॅन्सर हा शब्द आला की पहिला प्रश्न 'कितवी स्टेज?' हाच असतो, आणि इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये तो रास्तही आहे. लिम्फोमात मात्र आधी प्रकार विचारायचा. बर्किट लिम्फोमा काही आठवड्यांत झपाट्याने वाढतो, पण चौथ्या स्टेजलाही तरुण रुग्ण जोरदार केमोने पूर्ण बरे होऊ शकतात. उलट फॉलिक्युलर लिम्फोमा चौथ्या स्टेजला सापडूनही, त्रास नसेल तर डॉक्टर काही काळ नुसतं लक्ष ठेवतात, औषध सुरूच करत नाहीत. स्टेज दोघांची एकच, पण एकाला तातडीने ॲडमिट व्हावं लागतं आणि दुसरा तीन-चार महिन्यांनी तपासणीला येतो.

आता बायोप्सी. एफएनएसीमध्ये सुईवाटे सुट्या पेशी येतात. त्यावरून गडबड आहे एवढं कळतं, पण गाठीची आतली रचना कळत नाही, आणि लिम्फोमाचं निम्मं निदान त्या रचनेतच असतं. पेशी गोल-गोल गटांत वाढल्या आहेत की सगळीकडे पसरल्या आहेत, गाठीचं मूळ कवच शाबूत आहे का, मधून तंतूंचे पट्टे गेले आहेत का, हे अख्ख्या गाठीतच दिसतं. हॉजकिन या प्रकारात तर ही अडचण जास्तच. तिथे खऱ्या कॅन्सरच्या पेशी गाठीत बहुधा एक-दोन टक्केच, बाकी सगळी त्यांच्याभोवती जमलेल्या साध्या पेशींची गर्दी. सुई नेमकी त्या गर्दीतच गेली तर रिपोर्ट 'साधी सूज' असाही येऊ शकतो. म्हणून शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढतात. गाठ पोटात किंवा छातीत खोल असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने जाड सुईने तुकडे घेतात, त्याला कोअर बायोप्सी म्हणतात. तीही चालते, पण तुकडे पुरेसे हवेत. मानेत हाताला लागणारी गाठ असताना त्यावर समाधान मानू नका.

बायोप्सीच्या आधी तीन गोष्टी सांभाळा. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: सूज उतरायला म्हणून कुणी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड सुचवलं तर लिम्फोमाचा संशय असल्याचं लगेच सांगा. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात, गाठ बसते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मग काढलेल्या तुकड्यात निदान करण्याजोगं काही उरत नाही. श्वासनलिकेवर दाब येण्यासारखी आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय डॉक्टर घेतील. दुसरी: सर्जनला विचारा की सगळा नमुना फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या रसायनात, जाणार आहे का. फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे यंत्रातून एकेक पेशी तपासण्याला, जिवंत पेशी लागतात, त्यामुळे एक भाग ताजा पाठवावा लागतो आणि लॅबला आधी कळवावं लागतं. टीबीचा संशय असेल तर कल्चरसाठीही, म्हणजे जंतू वाढवून बघायलाही, ताजाच भाग हवा. मानेतली गाठ, ताप, घटतं वजन ही लक्षणं टीबीतही असतात आणि लिम्फोमातही, म्हणून दोन्ही बाजूंनी बघितलेलं बरं. तिसरी: गाठी अनेक ठिकाणी असतील तर जांघेतली गाठ शक्यतो टाळतात, कारण पायाच्या बारीकसारीक जखमांमुळे तिथल्या गाठी एरवीही सुजलेल्या असतात. पेट स्कॅन (जास्त सक्रिय पेशी चमकून दाखवणारा स्कॅन) आधीच झाला असेल तर त्यात सगळ्यात जास्त चमकणारी गाठ निवडतात.

आता प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते डझनावारी आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही.

मोठी विभागणी हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन अशी. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पुढे स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये त्यातली ती मोठी, बहुधा दोन केंद्रकांची पेशी नीट दाखवली. रिपोर्टमध्ये 'रीड-स्टर्नबर्ग सेल' दिसलं की ती हीच. हॉजकिन तरुणांत आणि पुन्हा पंचावन्नच्या पुढे जास्त आढळतो, बहुतेकदा मानेत किंवा छातीच्या मध्यभागी सुरू होतो आणि शेजारच्या गाठींकडे क्रमाने सरकतो. क्लासिकल, म्हणजे नेहमीच्या, हॉजकिनच्या पेशी सीडी३० पॉझिटिव्ह आणि बहुतेकदा सीडी१५ पॉझिटिव्ह असतात, पॅक्स५ फिकट रंगतो (ही पेशींतल्या प्रथिनांची नावं, त्यांनाच मार्कर म्हणतात; ती कशी बघतात ते पुढे येतंच). बरा होण्याचं प्रमाण कॅन्सरमध्ये फार चांगल्यांपैकी. याचा एक वेगळा भाऊबंद आहे, नोड्युलर लिम्फोसाइट प्रिडॉमिनंट. त्यात सीडी१५ आणि सीडी३० सहसा निगेटिव्ह, सीडी२० मात्र ठळक पॉझिटिव्ह. नावात हॉजकिन असलं तरी त्याची चाल आणि उपचार वेगळे, म्हणून दोन्ही एकच समजू नका.

बी, टी आणि एनके हे लिम्फोसाइट पेशींचे प्रकार. नॉन-हॉजकिनमध्ये बहुतांश बी पेशींचे, थोडे टी आणि एनके पेशींचे. व्यवहारात त्याहून उपयोगी विभागणी म्हणजे सावकाश वाढणारे आणि झपाट्याने वाढणारे. फॉलिक्युलर, मार्जिनल झोन, एसएलएल (स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा) हे सावकाश. डिफ्यूज लार्ज बी सेल, ज्याला सगळे डीएलबीसीएल म्हणतात, तो सगळ्यात जास्त आढळणारा आणि झपाट्याने वाढणारा, पण मोठ्या संख्येने बरा होणारा. बर्किट आणि लिम्फोब्लास्टिक त्याहून वेगवान. मँटल सेल मधला, रुग्णागणिक चाल बदलणारा. मार्जिनल झोनमधला जठराचा माल्ट लिम्फोमा मला विशेष वाटतो: तो बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या जुन्या संसर्गातून होतो आणि सुरुवातीच्या टप्प्यात नुसत्या त्या जंतूच्या अँटिबायोटिक उपचाराने अनेकांचा मावळतो. नेमकं नाव कळलं नसतं तर त्याच माणसाला केमो बसली असती. टी पेशींचे प्रकार संख्येने कमी, पण ओळखायला कठीण. तिथे अनुभवी पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्याच.

हे सगळं ओळखतात ते आयएचसीवरून. पेशींवरच्या किंवा आतल्या ठरावीक प्रथिनांना चिकटणारी रंगद्रव्यं लावून बघतात: रंग आला तर पॉझिटिव्ह. एक नमुन्याचा रिपोर्ट घेऊ. सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी३ निगेटिव्ह, सीडी१० पॉझिटिव्ह, बीसीएल६ पॉझिटिव्ह, बीसीएल२ पॉझिटिव्ह, सीडी५ निगेटिव्ह, सायक्लिन डी१ निगेटिव्ह, केआय-६७ सुमारे २० टक्के. वाचायचं असं. सीडी२० आहे आणि सीडी३ नाही, म्हणजे बी पेशी, टी नाही. सीडी१० आणि बीसीएल६ आहेत, म्हणजे या पेशी गाठीतल्या जर्मिनल सेंटर नावाच्या भागातून आल्या. तिथल्या निरोगी पेशींत बीसीएल२ नसतं, इथे आहे, म्हणजे साधी सूज नव्हे. सीडी५ आणि सायक्लिन डी१ नाहीत, म्हणून मँटल मागे पडला. केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी वाढण्याच्या तयारीत आहेत. २० टक्के म्हणजे वेग कमी. त्यात पेशी गोल गटांत दिसत असतील तर उत्तर फॉलिक्युलर. आईचा रिपोर्ट साधारण असाच होता.

एखाद-दुसरी ओळ बदलली की नाव बदलतं. मोठ्या पेशी सर्वत्र पसरलेल्या आणि केआय-६७ बरंच वर, तर डीएलबीसीएल. केआय-६७ जवळपास १०० टक्के, सीडी१० पॉझिटिव्ह आणि बीसीएल२ निगेटिव्ह, तर बर्किटचा विचार. सीडी५ पॉझिटिव्ह आल्यावर मुख्य चुरस एसएलएल आणि मँटल यांच्यात: सीडी२३ असेल तर सहसा एसएलएल, सायक्लिन डी१ असेल तर मँटल. टीडीटी पॉझिटिव्ह म्हणजे अपरिपक्व पेशी, लिम्फोब्लास्टिक. पण एकाच मार्करवरून घरी निदान करू नका, कारण सीडी३० हॉजकिनमध्येही असतो आणि ॲनाप्लास्टिक लार्ज सेल या टी प्रकारातही. पॅथॉलॉजिस्ट सगळे मार्कर आणि रचना एकत्र बघून नाव ठरवतो.

काही वेळा गुणसूत्रंही बघावी लागतात, त्याला फिश तपासणी म्हणतात. फॉलिक्युलरमध्ये बहुधा १४ आणि १८, मँटलमध्ये ११ आणि १४, बर्किटमध्ये बहुधा ८ आणि १४ या गुणसूत्रांत अदलाबदल असते. डीएलबीसीएल आला तर एक प्रश्न नक्की विचारा: मिक आणि बीसीएल२ या जनुकांसाठी फिश केली का? दोन्हींत बदल असेल तर त्याला डबल हिट म्हणतात, आणि डॉक्टर नेहमीच्या केमोपेक्षा कडक उपचारांचा विचार करतात.

एवढं झालं की मग स्टेज. एक म्हणजे एकाच भागातल्या गाठी, दोन म्हणजे डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या) एकाच बाजूला दोन किंवा जास्त भाग, तीन म्हणजे डायफ्रामच्या वर आणि खाली दोन्हीकडे, चार म्हणजे यकृत, फुप्फुस, बोन मॅरो अशा अवयवांत पसरलेला. ही पद्धत १९७१ च्या ॲन आर्बरची, २०१४ च्या लुगानो निकषांत ती सुधारली. पेट सीटी, म्हणजे सीटीसोबत केलेला पेट स्कॅन, त्यासाठीच करतात. बोन मॅरोची (हाडांतल्या मगजाची) तपासणी सगळ्यांनाच लागत नाही, हॉजकिनमध्ये पेट सीटी झाला असेल तर बहुतेकदा टळते. स्टेजपुढे 'बी' अक्षर दिसलं तर कारण तीनपैकी एखादं: विनाकारण ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, कपडे-अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम, किंवा सहा महिन्यांत वजनात १० टक्क्यांहून जास्त घट. भावाला यातलं काही असेल तर तारखांसकट लिहून डॉक्टरांना द्या, हे बरेचदा सांगायचं राहून जातं.

रक्तात एलडीएच बघतील, आजार जोरात असेल तर हे एन्झाइम वाढू शकतं. सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या सांगतील, त्याने दचकू नका. रिटुक्सिमॅबसारख्या, बी पेशींवरच्या सीडी२० ला चिकटणाऱ्या औषधाने जुना, दबलेला हिपॅटायटिस बी पुन्हा उसळू शकतो, म्हणून ती तपासणी औषधाआधी झालीच पाहिजे.

आयएचसीचा रिपोर्ट यायला आठवडा-दीड आठवडा सहज जातो, जादा मार्कर लावले तर आणखी. श्वास लागणं, चेहरा-मान सुजणं, गाठ दिवसागणिक वाढणं यातलं काही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. तसं नसेल तर एवढे दिवस थांबल्याने सहसा नुकसान होत नाही, अर्धवट निदानावर केमो सुरू केल्याने होऊ शकतं. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड लॅबकडे जपून ठेवलेल्या असतात, दुसऱ्या मतासाठी त्या मागून घेता येतात. पुन्हा गाठ काढावी लागत नाही. आणि भाऊ तरुण असेल, पुढे मूल हवं असेल, तर केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. घाईत हा विषय कुणी काढत नाही आणि केमोची पहिली सायकल (फेरी) झाली की उशीर झालेला असतो. रिपोर्ट आला की नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून त्यातल्या मायक्रोस्कोपी आणि आयएचसीच्या ओळी इथे टाका, आपण एकेक ओळ मिळून वाचू.