वाचकांचे प्रश्न : ‘पिप’मधील मोबिलिटीचा निर्णय आणि अपील

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून इंग्लंडमधील लेस्टरमध्ये राहते. मला अनेक वर्षांपासून संधिवात आहे आणि गुडघे व पावले फार दुखतात. पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट अर्थात ‘पिप’ या अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यासाठी केलेल्या अर्जावर मला डेली लिव्हिंगचे, म्हणजे दैनंदिन कामांचे, ९ गुण मिळून त्याचा स्टँडर्ड दर मंजूर झाला, मोबिलिटीत, म्हणजे हालचालीच्या भागात, मात्र केवळ ४ गुण दिले गेले, त्यामुळे तो भाग नाकारला गेला. पत्रात म्हटले आहे की, मी दर आठवड्याला सुपरमार्केटमध्ये जाते आणि तपासणीच्या दिवशी खोलीपर्यंत त्रास न होता चालत आले. वस्तुस्थिती अशी की दुकानात मी ट्रॉलीवर भार टाकून चालते, काठीवाचून घराबाहेर पडत नाही आणि बसथांब्यापर्यंतच्या ४० मीटरमध्ये मला दोनदा थांबावे लागते. माझे इंग्रजी बेताचे असल्याने तपासणीत यजमानच बोलले. अपील केले तर मिळते आहे तेही जाईल, असे जाऊबाई म्हणतात. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्य संधिवाताविषयीचे नाही, बसथांब्याविषयीचे आहे. तुम्हाला आजार आहे हे विभागाने (‘पिप’ देणाऱ्या डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स या सरकारी खात्याने) नाकारलेलेच नाही, वाद आहे तो मीटरचा. ‘मूव्हिंग अराउंड’ या चालण्याच्या निकषात ५० मीटरपेक्षा जास्त पण २०० मीटरपर्यंत चालू शकणाऱ्याला ४ गुण मिळतात आणि तुम्हाला याच गटात बसवलेले आहे. काठीसारख्या साधनाच्या आधारे २० मीटरपेक्षा जास्त पण ५० मीटरपर्यंतच चालता येत असेल तर १० गुण, आणि २० मीटरपलीकडे जाताच येत नसेल तर १२ गुण, अशी रचना आहे. मोबिलिटीच्या दोन निकषांचे मिळून ८ गुण झाले की स्टँडर्ड आणि १२ झाले की एन्हान्स्ड म्हणजे वरचा दर लागू होतो. तुमचे वर्णन सिद्ध झाले तर तुम्ही किमान १० गुणांच्या गटात जाता.

हे अंतर ‘एकदा कसेबसे पार केले’ अशा अर्थाने मोजायचे नसते, ही गोष्ट अर्जदार सोडाच, कधीकधी तपासणीसही विसरतात. २०१३ च्या पिप नियमावलीतील चौथ्या नियमानुसार एखादी कृती सुरक्षितपणे, समाधानकारक रीतीने, गरजेनुसार पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत करता आली, तरच ती ‘करता येते’ असे धरले जाते. वाजवी वेळ म्हणजे तो त्रास नसलेल्या माणसाला लागणाऱ्या कमाल वेळाच्या दुपटीहून अधिक नव्हे. सातव्या नियमानुसार ही स्थिती निम्म्याहून अधिक दिवस असावी लागते. म्हणून थांब्यापर्यंत गेल्यावर किती वेळ बसावे लागते, त्याच दिवशी पुन्हा तेवढे चालता येते का, दुसऱ्या दिवशी पावलांची अवस्था काय असते आणि आठवड्यातले किती दिवस असे जातात, हे सारे लिहिणे आवश्यक आहे. ‘मला फार त्रास होतो’ या वाक्याला गुण मिळत नाहीत.

पहिली पायरी ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’ची, म्हणजे विभागानेच निर्णयाचा फेरविचार करावा या मागणीची आहे, ती ओलांडल्याशिवाय ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येत नाही. निर्णयपत्रावरील तारखेपासून एक महिन्याच्या आत ही मागणी करा. मुदत टळली तर सबळ कारण देऊन १३ महिन्यांपर्यंत विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असे नाही. फोनवर मागणी नोंदवता येत असली तरी लेखी द्यावी आणि प्रत स्वतःकडे ठेवावी. त्याआधी विभागाला फोन करून तपासणी अहवालाची प्रत मागवा, कारण निर्णयपत्रात त्याचा सारांशच असतो. अहवालातील ज्या वाक्यावरून अंतर ठरवले आहे ते जसेच्या तसे उतरवून खाली उत्तर द्यावे : सुपरमार्केटमध्ये मी ट्रॉलीच्या आधाराने चालते, मधेच टेकते, यजमान सामान काढून देतात आणि घरी आल्यावर इतका वेळ पडून राहावे लागते. तपासणीच्या खोलीपर्यंतचे अंतर किती होते, तेही आठवून लिहा. दहा-पंधरा मीटर चालल्यावरून ५० मीटरचा निष्कर्ष निघत नाही.

डॉक्टरांचे पत्र जोडावे, मात्र ‘यांना संधिवात आहे’ एवढेच सांगणाऱ्या पत्राचा फारसा उपयोग नाही. फिजिओथेरपिस्ट किंवा संधिवाताच्या नर्सने चालण्याविषयी दोन ओळी लिहून दिल्या, तर त्यांचे वजन अधिक पडते. दोन आठवड्यांची साधी टिपणवहीही चालते; तिच्यात चांगले दिवसही प्रामाणिकपणे नोंदवावेत. रोज सारखाच त्रास दाखवणाऱ्या वहीवर कोणाचा विश्वास बसत नाही.

फेरविचारात निर्णय कायम राहिला तर निराश होऊन थांबू नये. अनेकांची खरी सुनावणी त्यानंतरच होते. फेरविचाराच्या नोटिशीवरील तारखेपासून एक महिन्याच्या आत एसएससीएस-१ या फॉर्मवर किंवा ऑनलाइन अपील दाखल करता येते आणि त्याला शुल्क नाही. ट्रिब्युनल विभागापासून स्वतंत्र असते व त्यात एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला एक सदस्य असतो. केवळ कागदपत्रांवर निकाल मागण्याचा पर्याय फॉर्मवर आहे, पण तुमच्यासारख्या प्रकरणात तो निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे : कसे चालता हे तुमच्याच तोंडून ऐकल्याखेरीज अहवालातील वाक्ये खोडून निघणे कठीण. फॉर्ममध्ये मराठी दुभाष्याची मागणी नोंदवा; तो मोफत दिला जातो. यजमानांनी तेथे दुभाष्याचे काम करायचे नाही. त्यांना साक्षीदार म्हणून बोलू द्या, त्यांनी पाहिलेले त्यांनी सांगावे. तपासणीत त्यांनी तुमच्या वतीने ‘हो, जाते दुकानात’ एवढेच सांगितले असेल, तर ते उत्तर अर्धवट का होते याचाही खुलासा करा.

दरम्यान विभागाकडून फोन येऊन सुधारित निर्णय देऊ केला जाण्याची शक्यता असते. फोनवर तत्काळ होकार देऊ नका. कोणता दर, कोणत्या तारखेपासून आणि किती काळासाठी, हे विचारून घ्या आणि विचाराला वेळ मागा. आणखी एक : ट्रिब्युनल निर्णयाच्या तारखेची तुमची स्थिती पाहते. पुरावा नंतरचा चालतो, पण त्याने त्या वेळची अवस्था दाखवली पाहिजे. नंतर बळावलेल्या दुखण्याची माहिती विभागाला वेगळी द्यावी लागते.

जाऊबाईंची भीती सर्वस्वी खोटी नाही. फेरविचारात आणि अपिलात संपूर्ण निर्णयाकडे पाहिले जाऊ शकते, त्यामुळे डेली लिव्हिंगचे ९ गुण कमीही होऊ शकतात. स्टँडर्ड दराला ८ लागतात, म्हणजे तुमच्याकडे एकाच गुणाची सवड आहे. हे ९ गुण कोणत्या कृतींना मिळाले आणि त्यांतला प्रत्येक तुम्हाला पुराव्याने टिकवता येईल का, हे अपिलापूर्वी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या किंवा स्थानिक कौन्सिलच्या सल्लागाराकडून तपासून घ्या. गुण कमी होण्याचा धोका दिसला तर ट्रिब्युनल सहसा आधी सूचना देते आणि अपील मागे घेण्याची संधी मिळते. तुमच्या वर्णनावरून पाहता, अपील करावे असेच मी सांगेन. ‘मूव्हिंग अराउंड’मध्ये ८ किंवा अधिक गुण मिळाले तर इंग्लंडमध्ये ब्लू बॅजसाठीही (अपंगांसाठीच्या पार्किंग परवान्यासाठी) वेगळ्या तपासणीविना पात्र ठरता. मोटॅबिलिटी या, भत्त्याच्या बदल्यात गाडी भाड्याने देणाऱ्या योजनेतील गाडीसाठी मात्र एन्हान्स्ड दरच लागतो.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी पक्षाघात झाल्यापासून त्यांना अटेंडन्स अलाउन्स हा देखभालीचा सरकारी भत्ता मिळतो, पण त्यात मोबिलिटीची रक्कम नाही. यावर अपील करता येईल का?

उत्तर : अपील करून उपयोग होणार नाही, कारण अटेंडन्स अलाउन्समध्ये मोबिलिटीचा भागच नाही, त्यात फक्त देखभालीची गरज पाहिली जाते. सरकारी निवृत्तिवेतनाचे वय उलटल्यानंतर पिपसाठी नव्याने अर्जही करता येत नाही. ते वय होण्यापूर्वी ज्यांना पिपमधील मोबिलिटी मिळत होती, त्यांना ती पुढे चालू राहू शकते, पण पक्षाघात गेल्या वर्षीचा असल्याने सासऱ्यांना ती वाट उपलब्ध नाही. ब्लू बॅजला मात्र वयाची अट नाही. कौन्सिल चालण्याची तपासणी करून तो देऊ शकते, तेव्हा अर्ज तेथे करा आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचे पत्र सोबत जोडा.