ऑइल बदलायचं की एसआयपी वाढवायची?

सांगलीतल्या विश्रामबागेतून एका शिक्षिकेने विचारलंय. त्यांची टर्बो पेट्रोल गाडी नोव्हेंबर २०२२ ची. तीन वर्षांत चालली १४,२०० किलोमीटर, त्यातले ४,७०० गेल्या वर्षभरातले. शाळा साडेतीन किलोमीटरवर, पुण्याला वर्षातून दोनदा. पुढच्या महिन्यात तिसरी वार्षिक सर्व्हिस आहे आणि अंदाजपत्रक आलंय ११,२५० रुपयांचं. मिस्टरांचं म्हणणं, "दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं असतं. आपली गाडी निम्मीही चालत नाही. एक वर्षाआड सर्व्हिस करू आणि वाचलेले पैसे एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात टाकू." ओळखीचे मिस्त्री १,८०० रुपयांत ऑइल बदलून द्यायला तयार आहेत, "जरा दाट घालू, टिकतं" असंही म्हणतात. शोरूमवाले ३६,००० रुपयांचं चार वर्षांचं सर्व्हिस पॅकेज आणि १४,५०० रुपयांची दोन वर्षांची वाढीव वॉरंटी पुढे करतायत. घरात अडीअडचणीसाठी ९०,००० रुपये, महिन्याचा खर्च हप्त्यांसकट ५२,००० आणि ५,००० रुपयांची एसआयपी चालू.

ताई, नमस्कार.

मिस्टरांच्या गणितात चूक नाही, पण ते अर्ध्यावर थांबलंय. तेच आधी पूर्ण करू, मग इंजिनाकडे वळू.

सहा वर्षं धरा. एक वर्षाआड सर्व्हिस टाळली तर तीन वेळा ११,२५० रुपये वाचतील. वर्षाला १२ टक्के परतावा धरला (हमी कुणाचीच नाही, तुलनेसाठी धरायचा) तर सहा वर्षांनी त्याचे ५४,००० च्या आसपास होतात. आकडा बरा दिसतो. पण तुम्ही पाठवलेलं अंदाजपत्रक मी ओळीने वाचलं. इंजिन ऑइल ३.६ लिटर, २,९०० रुपये. ऑइल फिल्टर आणि ड्रेन वॉशर, २८०. मजुरी १,९००. एअर फिल्टर ४५०, एसीचा फिल्टर ५२०. इथपर्यंत झाले ६,०५०. त्याच्या खाली: इंजिन फ्लश ६५०, ऑइलमध्ये घालायचं अ‍ॅडिटिव्ह ७५०, थ्रॉटल बॉडी साफ करणं ९००, एसीचा जंतुनाशक फवारा १,१००, आतली-बाहेरची खास सफाई १,८००. हे ५,२०० रुपये गाडीच्या मॅन्युअलमधल्या सर्व्हिसच्या तक्त्यात शोधून बघा. बहुतेक काहीच सापडणार नाही.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवा. वरचे ५,२०० दर वर्षी नाकारले आणि त्याच १२ टक्क्यांनी वाढवले, तर सहा वर्षांत ४७,००० होतात. उरलेली ६,०५० ची खरी सर्व्हिस एक वर्षाआड बुडवली, तर हाती येतात २९,०००. म्हणजे जिथे वाचवायला हवं तिथे जास्त पैसे आहेत आणि जोखीम शून्य. जिथे वाचवायचं म्हणताय तिथे पैसे कमी आणि इंजिन पणाला. मिस्टरांना हा हिशेब दाखवा. वाचवायची त्यांची ओढ योग्यच आहे, त्यांनी फक्त कात्री चुकीच्या ओळीवर लावली.

आता दहा हजार किलोमीटरचं. मॅन्युअलमध्ये ते वाक्य "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते" असं असतं. लोक पहिला अर्धा भाग पाठ करतात. दुसऱ्या अर्ध्याची गरज नेमकी तुमच्यासारख्या गाडीला असते, आणि हे ऐकायला उलटं वाटतं. इंजिनात पेट्रोल जळलं की वाफही तयार होते. ती वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल नीट तापतं आणि हे सगळं उडून जातं. साडेतीन किलोमीटरात ऑइल तापतच नाही. समोरचा तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तो इंजिनातल्या पाण्याचं सांगतो, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. सकाळी ओल साठते, दुपारी परत येताना आणखी साठते. सांगलीकरांना हळद साठवायचं जमिनीतलं पेव माहीत आहे. पेवात उतरलेल्या हळदीला ओल लागली तर ती किती कोस फिरून आली हे कोणी विचारत नाही.

शिवाय ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात मळ धरून ठेवणारी, गंज आणि झीज रोखणारी, आंबटपणा मारणारी रसायनं मिसळलेली असतात. ती काम करता करता संपतात. गाडी उभी असली तरी आत शिरलेली ओल आणि पेट्रोल त्यांना खातच असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००९ साली एक जुनी छोटी गाडी घेतली होती. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालायची. लोकांना पैशाचं शहाणपण सांगणाऱ्या मी दोन वर्षं ऑइल बदललं नाही, कारण "चालतेय कुठे?" मग एकदा वरचं झाकण उघडलं तर आत काकवीसारखा काळा गाळ. ऑइल वर चढायच्या वाटा तुंबलेल्या. बिल ३८,००० आणि त्यासाठी मोडलेली एफडी. तीही साधी गाडी होती, टर्बो नव्हता.

टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, प्रकरण वेगळं. तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि त्याचा आस ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तेच ऑइल त्याला थंडही ठेवतं. माझ्या लहानपणी बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा. कणा कुरकुरला की वडील गाडी थांबवून वंगण घालायचे. टर्बो असा आधी कुरकुरून सांगत बसत नाही. तो शिट्टीसारखा आवाज करू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि त्याचं बिल हजारांत सुटेलच असं नाही. म्हणून पुण्याहून येताना घाट चढून वर आलात आणि चहाला थांबलात, तर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन तसंच चालू राहू द्या. याला पैसे पडत नाहीत.

तर पहिला निर्णय: वर्षाला एकदा ऑइल आणि फिल्टर, किलोमीटर कितीही असोत. मॅन्युअलमध्ये कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो, तोही काढून वाचा. छोट्या फेऱ्या, धूळ आणि गर्दीतला वापर त्यातच मोडतो आणि काही कंपन्या त्यासाठी सहा महिन्यांची मुदत देतात. तुमच्या पुस्तकात तसं असेल तर तेच पाळा. नसेल तर उगाच दर पाच हजाराला ऑइल ओतणाऱ्या हौशी मंडळींच्या नादी लागू नका. ऑइल काळं झालं म्हणजे संपलं असंही नसतं, मळ धरून ठेवणं हेच त्याचं काम. आणि आठवड्यातून एकदा गाडी सलग चाळीसेक मिनिटं चालवा. औदुंबरला जाऊन या. दर्शनही होईल, ऑइलमधली ओलही उडेल. खरं सांगायचं तर साडेतीन किलोमीटरच्या शाळेला स्कूटरने गेलात तर माझ्या या सगळ्या हिशेबापेक्षा जास्त वाचेल, पण तो उन्हाळ्या-पावसाळ्याचा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा.

मिस्त्रींबद्दल. माणूस विश्वासाचा असेल, पण "जरा दाट" हा सल्ला तुमच्या गाडीला चालणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ऑइलच्या झाकणावर ०डब्ल्यू-२० लिहिलंय. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती दाट राहतं ते. २०डब्ल्यू-४० जुन्या गाड्यांना ठीक होतं, त्यांच्या इंजिनात फटी मोठ्या होत्या. आताच्या इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक, आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. सकाळी गाडी चालू केल्यावरचे पहिले काही सेकंद सगळ्यात जास्त झिजेचे. तेव्हा ऑइल वरपर्यंत पटकन पोचायला हवं. डब्यावर एपीआय एसपी हा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जा आहे का तेही बघा. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात छोट्या टर्बो इंजिनांमध्ये पेट्रोल अवेळी पेटणं रोखण्याचीही चाचणी आहे.

पण मिस्त्रींना मी आता नाही म्हणतोय त्याचं मुख्य कारण दाटपणा नाही, वॉरंटी आहे.

तुमची कंपनीची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. वाढीव वॉरंटी बहुधा ती संपायच्या आत घ्यावी लागते. मी सहसा अशा गोष्टी घेऊ नका म्हणतो. साधं इंजिन आणि बँकेत सहा महिन्यांचा खर्च असता, तर तुम्हालाही नको म्हटलं असतं. पण तुमच्याकडे ९०,००० आहेत, म्हणजे दोन महिनेही पुरत नाहीत. टर्बोचं एक मोठं काम निघालं तर ते सगळे जातील आणि वर कर्ज होईल. जो फटका आपण सोसू शकत नाही त्याचाच विमा काढायचा. म्हणून १४,५०० देऊन दोन वर्षांची वॉरंटी घ्या. घेण्याआधी कागदाचं मागचं पान वाचा. क्लच, ब्रेक, फिल्टर यांसारखे झिजणारे भाग त्यात नसतात, आणि वेळेवर, नेमलेल्या ठिकाणी सर्व्हिस केल्याची नोंद नसेल तर दावा अडतो. एक वर्षाआडचा बेत इथेच कोसळतो. सर्व्हिस बुडवलीत तर वॉरंटीचे पैसेही बुडाले समजा. वॉरंटी संपल्यावर मिस्त्रींकडे खुशाल जा. ऑइल स्वतः विकत घेऊन न्या, बिल जपून ठेवा.

पॅकेज मात्र नको. ६,०५० ची सर्व्हिस दर वर्षी ८ टक्क्यांनी महागली तरी चार वर्षांचे होतात २७,३०० च्या आत. ते मागतायत ३६,००० आणि तेही आज. वरचे पैसे त्याच फवाऱ्याचे आणि फ्लशचे आहेत, फक्त वेष्टन वेगळं. उद्या बदली झाली, गाडी विकली, तर परताव्यासाठी खेपा तुम्हीच मारायच्या.

पैसे कुठून आणायचे तेही विचारलंत. एसआयपीला हात लावू नका. १४,५०० अडीअडचणीच्या रकमेतून काढा, आणि बिलातून वाचलेले ५,२०० आधी तिथेच परत टाका, शेअर बाजारात नव्हे. वरचा १२ टक्क्यांचा हिशेब फक्त दोन वाटा तोलायला होता. चार महिन्यांचा खर्च जमेपर्यंत नवीन एसआयपीचा विषय काढायचा नाही, मिस्टर कितीही म्हणोत.

सर्व्हिसला जाल तेव्हा जॉब कार्डावर सही करण्याआधी नको त्या ओळी खोडायला लावा. "मॅडम, कंपनीची शिफारस आहे" म्हणतील. मॅन्युअलमधलं पान दाखवा म्हणा. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, पाच मिनिटांत घरी बदलता येतो. बिलावर ऑइलचा ग्रेड आणि लिटर लिहून घ्या. ३.६ लागतं तिथे चार लिटर लावले असतील तर उरलेलं मागून घ्या. ऑइल बाजारातून आणलंत तर अधिकृत विक्रेत्याकडूनच. नामवंत ब्रँडच्या रिकाम्या डब्यांत भलतंच भरून विकणारे आहेत, म्हणून आपला रिकामा डबाही भोक पाडूनच टाका. महिन्यातून एकदा सपाट जागी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा. पातळी खालच्या खुणेखाली गेली तर गळती आहे किंवा ऑइल जळतंय. पातळी वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर वर्षाची वाट न बघता बदला.

आणि एक, तुम्ही न विचारलेलं. गाडी नोव्हेंबरची, म्हणजे विम्याचं नूतनीकरणही आताच असणार. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही पाहिलाय. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करायला गेलं आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर नेहमीची पॉलिसी ते नुकसान बहुतेक वेळा देत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कवच लागतं, आणि गाडी जुनी झाली की काही कंपन्या ते देत नाहीत. दाव्याच्या वेळी ऑइल, कूलंट, नटबोल्ट यांचे पैसे हवे असतील तर त्याला कन्झ्युमेबल्सचं कवच वेगळं. पॉलिसीची प्रत पाठवा, यातलं काय आहे आणि काय नाही ते बघून नूतनीकरणाच्या आत कळवतो.