एफडी मोडून स्कॅनर घ्यावा का?

पंचवटीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या ४×५ इंची ३०० रंगीत ट्रान्सपरन्सी, म्हणजे उजेडावर धरून बघायच्या पारदर्शक फिल्मच्या शीट, घरात पडून आहेत. लॅब स्कॅनचे शीटमागे ३५० रुपये सांगते, म्हणजे एकूण १,०५,०००. त्यापेक्षा ९५,००० चा फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावा, घरीच स्कॅन करावं आणि फोटो विकून पैसे वसूल करावेत, असा बेत आहे. त्यासाठी एकुलती एक एफडी मोडावी लागेल.

ताई, एफडी मोडू नका. दहा हजार वाचताना दिसतात, पण त्यात तुमचे कष्ट धरलेले नाहीत. धूळ काढणं, शीट होल्डरमध्ये सपाट बसवणं, स्कॅन, मग स्क्रीनवर एकेक डाग पुसणं. शीटला अर्धा तास धरला तरी १५० तास. नोकरी सांभाळून दर रविवारी चार तास दिलेत तर जवळजवळ नऊ महिने. शिवाय २४०० डीपीआय (इंचाला टिपलेले ठिपके) आणि १६ बिट रंगाला एक फाइल साधारण ६९० एमबीची होते. सगळ्या मिळून २०० जीबीच्या वर, त्याही दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायला हव्यात. खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला भुलू नका, फ्लॅटबेड प्रत्यक्षात त्याच्या निम्माही तपशील देत नाही.

विक्रीचं स्पष्टच सांगते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी पैसे देऊन कॅटलॉगसाठी काढवून घेतलेल्या फोटोंचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, कायद्याने त्यांचाच. १९९१ च्या सिंहस्थात रामकुंडावर वडिलांनी स्वतःहून काढलेले फोटो मात्र त्यांचे. त्यांना मागणी येईलही, पण ज्या कमाईची एकही पावती अजून फाडलेली नाही, तिच्या भरवशावर ठेव मोडायची नसते.

आधी एक साधं एलईडी लाइट पॅनल आणा आणि वडिलांना शेजारी बसवा. प्रत्येक शीटला नंबर द्या, मोबाइलवर फोटो घ्या, ते सांगतील ते ठिकाण, साल, माणसं लिहून घ्या. हे काम आत्ताच व्हायला हवं. ही माहिती कुठल्याच स्कॅनरमधून निघणार नाही आणि ती नसेल तर फोटोला गिऱ्हाईकही मिळणार नाही.

त्यातून ४० शीट निवडा. लॅबचे १४,००० होतील. महिन्याला दहा शीट दिल्या तर ३,५०० पगारातून निघतात. पहिल्या खेपेला दोनच द्या, सावल्यांमधला तपशील तपासा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणाऱ्या शीट बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा आणि त्यातल्या निवडलेल्या आधी स्कॅनला पाठवा. उरलेल्या पावसाळ्यात सिलिका जेलसह कोरड्या ठेवा, नाहीतर बुरशी धरेल. विक्रीतून स्कॅनरचे पैसे जमले, तर स्कॅनर तेव्हा घ्या.