शेअर्ड डेटा सोर्स काढू नका, त्यातील जोडणी बदला

डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला आहे, रिपोर्टिंग सर्व्हिसेस या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट-प्रणालीतील चाळीस रिपोर्ट एकाच शेअर्ड डेटा सोर्सवर (डेटाबेसशी जोडणी कशी करायची याच्या सामायिक नोंदीवर) चालतात, तेव्हा जुना सोर्स काढून त्याच नावाचा नवा केला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. चालणार नाही. रिपोर्ट सर्व्हर रिपोर्ट आणि सोर्स यांची जोडणी नावावरून नव्हे, तर त्या सोर्सच्या अंतर्गत ओळख क्रमांकावरून सांभाळतो. त्यामुळे सोर्सचे नाव बदलले किंवा तो दुसऱ्या फोल्डरमध्ये नेला तरी रिपोर्ट सुरळीत चालतात, पण तो काढला की चाळीसही रिपोर्टची जोडणी तुटते आणि त्याच नावाचा नवा सोर्स आपोआप त्यांना जोडला जात नाही. मी हा प्रकार एकदा केला असून संपूर्ण दुपार एकेक रिपोर्ट उघडून सोर्स पुन्हा निवडण्यात घालवली आहे.

वेब पोर्टलवर त्या सोर्सच्या ‘मॅनेज’ पानावर जाऊन कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (सर्व्हर आणि डेटाबेस कोणता हे सांगणाऱ्या ओळीत) केवळ सर्व्हरचे नाव बदलावे, ‘टेस्ट कनेक्शन’ करावे आणि मग ‘अप्लाय’ दाबावे. तत्पूर्वी ‘डिपेंडंट आयटम्स’ (त्या सोर्सवर अवलंबून असलेल्या रिपोर्टची यादी) अवश्य पाहावे, कारण तिथे बहुधा आपल्याला ठाऊक नसलेला एखादा रिपोर्ट निघतोच. रिपोर्ट जिथे तयार होतात त्या व्हिज्युअल स्टुडिओतील प्रोजेक्टमध्ये बदल करून तो सर्व्हरवर चढवल्याने (डिप्लॉय केल्याने) मात्र सर्व्हरवरचा सोर्स बदलत नाही, कारण ‘ओव्हरराइट डेटा सोर्सेस’ (सर्व्हरवरचे सोर्स नव्याने लिहावेत का) हा पर्याय मुळात ‘फॉल्स’, म्हणजे बंद, असतो. तो तसाच राहू द्यावा, अन्यथा एखाद्या दिवशी चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता प्रत्यक्ष वापरातील सोर्सवर जाऊन बसेल.

खरी अडचण क्रेडेन्शियल्सची, म्हणजे डेटाबेसमध्ये कोणत्या ओळखीने लॉगिन करायचे याची, आहे. डेटाबेस आजवर रिपोर्ट सर्व्हरच्याच यंत्रावर होता आणि सोर्स ‘रिपोर्ट पाहणाऱ्या वापरकर्त्याच्या’ ओळखीने जोडला जात होता, असे असेल तर आता ती ओळख दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचवण्यासाठी कर्बेरॉस डेलिगेशन (वापरकर्त्याची ओळख एका सर्व्हरने पुढच्या सर्व्हरकडे नेण्याची विंडोज नेटवर्कमधील सोय) लागेल. ते नसल्यास ‘अॅनॉनिमस लॉगॉन’चे (अनामिक वापरकर्त्याचे) लॉगिन फसल्याचा संदेश दिसतो. डेटाबेसमधील हक्क व्यक्तीनुसार वेगळे ठेवायचे नसतील, तर केवळ वाचनाचे हक्क असलेले स्वतंत्र खाते सोर्समध्ये साठवावे, हे मला अधिक सोयीचे वाटते. ठरावीक वेळी ईमेलने जाणाऱ्या सबस्क्रिप्शनना साठवलेली क्रेडेन्शियल्सच लागतात.

पुढेमागे रिपोर्ट सर्व्हरही हलवणार असाल, तर त्याच्या एन्क्रिप्शन कीचा (साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद होतात तिचा) बॅकअप आजच घ्यावा. ती की नसेल तर साठवलेले पासवर्ड नव्या यंत्रावर उलगडत नाहीत आणि प्रत्येक सोर्समध्ये ते पुन्हा भरावे लागतात.